उत्तर मिळालं की परत ये

अगं बाळा, नव्या घराच्या खिडक्यांना अजून पडदे लागले नाहीत आणि तू सोसायटीच्या ग्रुपवर, गच्चीवरच्या बागवाल्यांच्या ग्रुपवर, वेताळ टेकडीवर चालणाऱ्यांच्या ग्रुपवर आणि वर मायबोलीवरही जाऊन बसलीस. चांगलं केलंस. पुण्यात राहायचं म्हणजे चार जणांना विचारायचं, चार जणांचं ऐकायचं आणि मधूनमधून एकमेकांची टोपी उडवायची. पूर्वी हे वाड्याच्या ओट्यावर व्हायचं, आता फोनवर होतं. माणसं तीच आहेत, तेवढीच जाणती आणि तेवढीच हळवी.

परदेशातल्या मराठी मंडळींनी १९९६ साली मायबोली हे संकेतस्थळ सुरू केलं. मग २००४ साली मनोगत आलं, २००७ साली मिसळपाव आलं, आणि त्यानंतर व्हॉट्सॲपनं प्रत्येक इमारतीला स्वतःचा कट्टा दिला. या सगळ्या ठिकाणी वर्षानुवर्षं ज्यांचा शब्द मानला गेला ती माणसं काही सर्वांत हुशार नव्हती. विचारून झाल्यावर परत येऊन ‘जमलं’ किंवा ‘नाही जमलं’ एवढं सांगणारी होती. माझे बाकीचे कानमंत्र या एकाच्या पोटात आहेत. तरी ओळीनं सांगते, कारण तुला एकदा सांगून भागत नाही हे तुझ्या आईलाही माहीत आहे.

१. नव्या जागी पहिले काही दिवस ‘रोमात’ राहा, म्हणजे नुसतं वाच — खरं जाणणारा कोण आणि नुसता बोलणारा कोण, हे आपण गप्प बसलो की आपोआप दिसतं.

२. विचारण्याआधी शोधून बघ — ‘चांगला प्लंबर कोण?’ हे गेल्या पावसाळ्यात विचारून झालेलं असतं, आणि तेव्हा नीट उत्तर देणाऱ्या काकांना तेच पुन्हा लिहायचा कंटाळा येतो.

३. शोधताना शब्द देवनागरीतही टाक आणि रोमनमध्येही टाक — अर्धं पुणे ‘गळती’ लिहितं आणि अर्धं ‘लीकेज’.

४. एका संदेशात एकच प्रश्न विचार — तीन विचारलेस तर लोक सोप्याचं उत्तर देतात आणि तुझा खरा प्रश्न तसाच राहतो.

५. कुठे राहतेस, वस्तू कुठली, आधी काय करून पाहिलंस, हे प्रश्नातच सांग — नाहीतर लोक तुझ्या घराचं नाही, त्यांच्या घराचं उत्तर देतात.

या पाचव्यावर जरा थांबते, कारण सगळा गोंधळ इथेच होतो. ‘तूरडाळ शिजत नाही’ एवढंच कुणी लिहिलं की घडाघडा उत्तरं येतात: रात्रभर भिजव, तेलाचा थेंब घाल, शिट्ट्या वाढव, दुकान बदल. सगळी चांगल्या मनानं दिलेली. पण वाघोली, उंड्री किंवा बावधनकडच्या कितीतरी इमारती टँकरवर किंवा बोअरवेलवर चालतात, आणि त्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असतं. ते डाळीतल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं आणि डाळ बोटचेपी होतच नाही. प्रश्नात ‘टँकरचं पाणी आहे’ एवढे तीन शब्द असते तर पहिल्याच उत्तरात काम झालं असतं: पिण्याच्या आरओच्या पाण्यात डाळ लाव. प्रश्न पुरा तर उत्तर खरा, असं मी म्हणते. व्याकरण जरा वाकडं आहे, पण लक्षात राहतं.

६. ‘अर्जंट’ हा शब्द जपून वापर — ताकाच्या विरजणासाठी खर्च केलास तर रक्त लागेल त्या दिवशी कुणी मान वर करणार नाही.

७. वस्तू कुठे मिळते हे सांगताना गल्लीचं नाव सांग. विजेचं सामान तपकीर गल्लीत, हार्डवेअर बोहरी आळीत, तांब्याची भांडी तांबट आळीत, अभ्यासाची पुस्तकं अप्पा बळवंत चौकात — ‘गावात मिळेल’ एवढं ऐकून नवा माणूस दुपारभर पेठांमधून गाडी लावायला जागा शोधत फिरतो.

८. स्वतः केलेलं, डोळ्यांनी पाहिलेलं आणि नुसतं ऐकलेलं, या तिन्हींत फरक ठेव आणि तो लिहून दाखव — पाहिल्याचं मोल पूर्ण, ऐकल्याचं अर्धं.

९. पदार्थ सांगताना वाटी, चमचा आणि मिनिटं सांग — ‘अंदाजानं’ हा शब्द तुझ्या हाताला कळतो, दुसरीच्या कढईला नाही.

१०. सरकारी कामाची माहिती देताना वर्ष लिही. राहत्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत आणि तिचा तो पीटी-३ अर्ज हे घे — नियम आणि मुदती बदलत राहतात, आणि दोन वर्षांपूर्वीची तुझी खरी माहिती आज एखाद्या आजोबांना महापालिकेच्या कार्यालयात उगाच रांग लावायला लावते.

११. कुणी नुसतं मन मोकळं करत असेल तर उपाय सांगायची घाई करू नको — विचारलं तर सल्ला, न विचारता कल्ला.

१२. सुताराचं, स्वयंपाकाच्या ताईंचं, शिकवणीच्या सरांचं नाव सुचवलंस तर काम कुठलं केलं आणि कधी केलं हेही लिही. फोन नंबर मात्र त्यांना विचारून दे — नंबर त्यांचा आहे, आणि एका रात्रीत पन्नास फोन आले तर त्रास त्यांनाच.

१३. दुकान आपल्या मामेभावाचं असेल तर पहिल्याच ओळीत तसं सांगून टाक — मागाहून कळलं की चांगल्या दुकानावरही शंका येते.

आता दोन उपाय सांगते, ते दिसतील तिथे थांबव. संडास लख्ख व्हावा म्हणून ब्लीच आणि ॲसिडचं क्लीनर एकत्र करा, असं अधूनमधून कुणीतरी लिहितं. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि आपल्याकडच्या बंद, छोट्या न्हाणीघरात तो जीवावर बेततो. दुसरा उपाय म्हणजे तान्ह्या बाळाला मध चाटवणं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, कारण त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. मोठ्यांच्या पोटाला ते झेपतं, तान्ह्याच्या नाही. हे सांगताना ‘आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या चाटवतात’ असं उत्तर येणारच. भांडू नकोस. कारण नीट, थोडक्यात, एकदाच लिही आणि आपल्या बालरोगतज्ज्ञांना विचारा म्हण. वाचणाऱ्यांत एखादी नवी आई असते, तुझं लिहिणं तिच्यासाठी आहे.

१४. औषधाचं नाव आणि प्रमाण ग्रुपवर कधी लिहू नको, डॉक्टरांचं नाव सांग — एकाची गोळी दुसऱ्याच्या मूत्रपिंडाला चालेलच असं नाही.

१५. किती अंगठे पडले यावरून उपाय खरा मानू नको — अंगठा वाचल्याचा असतो, करून पाहिल्याचा नसतो.

१६. आणि आता तो मुख्य कानमंत्र: उत्तर मिळालं की करून बघ, आणि परत येऊन काय झालं ते सांग — तुझ्या मागून तोच प्रश्न घेऊन येणाऱ्याला दहा सल्ल्यांमधला खरा कुठला हे तुझ्या एका ओळीवरून कळतं.

प्रश्न टाकून गायब होणं म्हणजे हळदीकुंकवाला जाऊन वाण घ्यायचं आणि न बोलता जिना उतरायचा. कुणी तोंडावर काही म्हणत नाही, पण पुढच्या वेळी बोलावणं उशिरा येतं. परत येऊन सांगायला फार लागत नाही. ‘कुंडीतल्या मुंग्यांना हळद टाकली, उपयोग झाला नाही, कुंडी पाण्याच्या परातीत ठेवली, दोन दिवसांत गेल्या.’ एवढंच. जमलं नाही हेही आवर्जून सांग, आणि सल्ला देणाऱ्याला टोचेल असं न सांगता सांग. ज्यांनी वेळ काढून लिहिलं त्यांचं नाव घे. मायबोलीवर जुने धागे वर्षांनंतरही लोक उकरून वाचतात ते अशा शेवटच्या ओळींसाठी.

१७. काम झालं की मूळ प्रश्नाखाली ‘झालं’ असं लिही — विशेषतः रक्ताच्या मागणीखाली. रुग्णालय, रक्तगट, किती पिशव्या आणि तारीख नसलेली मागणी पुढे पाठवू नको, आणि पाठवण्याआधी दिलेल्या नंबरवर एक फोन कर. बरा होऊन घरी गेलेल्या माणसासाठी वर्षभर फोन येत राहतात.

१८. बातमीला तारीख हवी आणि वेळही हवी — वेळ नसलेली बातमी म्हणजे अर्धी अफवा.

वेळ लिहायची ही सवय पुण्याला २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये, करोनाच्या लाटेत लागली. ऑक्सिजनची खाट, प्लाझ्मा, इंजेक्शन, जो तो याद्या पाठवत होता. त्यातल्या कामाच्या याद्या ओळखू यायच्या, कारण कुणीतरी स्वतः फोन करून पुढे लिहिलेलं असायचं: ‘विचारलं, सकाळी ११ वाजता दोन खाटा होत्या.’ आणि दुपारी तोच माणूस येऊन लिहायचा: ‘आता नाहीत, इथे फोन करू नका.’ दुसरी ओळ पहिलीइतकीच मोलाची होती. ती सवय सोडू नको.

१९. भिडे पुलावर पाणी आल्याचा फोटो दरवर्षी येतो, आणि बहुतेक वेळा तो मागच्या कुठल्यातरी वर्षाचा असतो — तुला खिडकीतून नदी दिसत नसेल तर तारीख विचार, मगच पुढे पाठव.

२०. खडकवासला धरणाचा विसर्ग सांगताना क्युसेकचा आकडा, तो किती वाजताचा आणि सांगितला कुणी, हे तिन्ही लिही. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा आकडा तासातासाला बदलत होता — सकाळी सातचा आकडा दहा वाजता खोटा दिलासा ठरतो.

२१. धरणाबद्दलचा न तपासलेला संदेश रात्री तर मुळीच पाठवू नको — १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तो दिवस अंगावर घेतलेली माणसं अजून आपल्या इमारतींत राहतात, आणि ती मग रात्रभर झोपत नाहीत.

२२. साथीच्या काळात एकच कामाची सूचना पाठव, दहा तर्क नको. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा अमुक खाऊ नका, तमुक खाऊ नका असे ढीगभर संदेश फिरले — उपयोगी ओळ साधी होती, पाणी उकळून प्या.

२३. जंगली जनावर दिसलं तर आधी वन विभागाच्या १९२६ वर फोन कर, फोटो आणि पत्ता ग्रुपवर टाकू नको — बघ्यांची गर्दी जनावराचा जीव घेते.

हे कोथरूडनं पाहिलंय. ९ डिसेंबर २०२० ला महात्मा सोसायटीत एक रानगवा शिरला. वाट चुकलेला, एकटा. बातमी पसरली, माणसं जमली, आरडाओरडा झाला, तो बिथरून पळत सुटला, भिंती-फाटकांना धडकत जखमी झाला. वन विभागानं शेवटी पकडला, पण तो वाचला नाही. ते जनावर कुणाच्या वाईटावर टपलं नव्हतं, आणि जमलेल्यांतही कुणाला त्याला मारायचं नव्हतं. नुसतं बघायचं होतं. ‘इथे आहे, या बघायला’ असं पुन्हा कधी लिहावंसं वाटलं तर तो गवा आठव.

२४. मुलं पळवणारी टोळी, वेशांतर केलेले चोर, अनोळखी बायका, असला संदेश आला तर तिथेच थांबव आणि खरंच शंका असेल तर ११२ ला फोन कर — अशा संदेशानं माणसं मेली आहेत.

१ जुलै २०१८, धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी. मुलं पळवायला आलेत या अफवेवरून जमावानं त्यांना ठार मारलं. अफवा आधीपासून फोनवरून फिरत होती, आणि ती पुढे पाठवणाऱ्या बहुतेकांना आपण शेजाऱ्याच्या मुलांची काळजी घेतोय असंच वाटत असणार. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. २०२० पासून खूप फिरलेल्या, दोन बाण असलेल्या संदेशाला तर एकच ठिकाण मिळतं. दोन बाण दिसले की बोट उचल. घाईचं बोट, गल्लीला खोट.

पुरे झालं गंभीर. आता थट्टामस्करीकडे येते, कारण तुझी जीभ कुणावर गेली आहे ते घरात सगळ्यांना माहीत आहे. थट्टा कर गं, भरपूर कर. पुण्याच्या ग्रुपवर नुसती माहितीच आली तर तो सूचनाफलक होईल, आणि पुणेकर सूचनाफलकावरसुद्धा कोपरखळी मारल्याशिवाय राहत नाहीत. पण तिचे काही नेम आहेत.

२५. थट्टा पावसाची कर, लिफ्टची कर, पार्किंगची कर, दुपारच्या एक ते चारची कर. रंग, जात, पगार, आजारपण आणि मूलबाळ यांना हात लावू नको — पहिल्या यादीवर सगळे हसतात, दुसऱ्या यादीवर एक जण घरी जाऊन रडतो.

२६. ज्याची थट्टा केलीस तो हसला का, हे आधी बघ — खोडी अशी काढावी की ज्याची काढली त्यालाही गोडी लागावी.

२७. नव्यानं राहायला आलेल्याची लगेच फिरकी घेऊ नको — त्याला अजून माणसं कळलेली नसतात, आणि प्रेमाची टपली कुठली, अपमान कुठला, हे समजायला वेळ लागतो.

२८. लेखी विनोदाला आवाज नसतो, डोळेही नसतात, म्हणून शंका असेल तिथे ‘दिवे घ्या’, म्हणजे हलकं घ्या, असं लिहायला लाजू नको — आणि एकाच विनोदाला दोनदा दिवे लावावे लागत असतील तर तो विनोद खोडून टाक.

२९. निधनाची बातमी आली की निदान त्या दिवशी विनोद थांबव, आणि काहीही टाकण्याआधी वरचे दोन-तीन संदेश वाच — श्रद्धांजलीच्या खाली पडलेलं हसू त्या घरची माणसं कायम लक्षात ठेवतात.

३०. मिसळ कुणाची चांगली हा वाद मिटवायला जाऊ नको. बेडेकर, रामनाथ, काटाकिर्र, जो जे म्हणेल त्याला म्हणू दे, आणि कोल्हापूरचं कुणी मधे पडलं तर त्यालाही खुर्ची दे — ज्या ग्रुपवर माणसं मिसळीवर भांडतात तिथे पार्किंगवरची भांडणं जरा सौम्य होतात, असं माझं ठाम मत आहे.

३१. सत्तराव्या वर्षी मराठी टंकायला शिकलेल्या आजींचं शुद्धलेखन चारचौघांत सुधारू नको — शाबासकी चारचौघांत, चूक कानात.

३२. ‘सुप्रभात’च्या फुलांना हसू नको.

हे बत्तिसावं तुला पटणार नाही, म्हणून कारण सविस्तर सांगते. आपल्या भागात कितीतरी घरांत एकटे आजोबा किंवा एकट्या आजी आहेत. मुलं न्यू जर्सीत, बंगळुरात, सिंगापुरात. त्यांचं सकाळी साडेसहाचं गुलाबाचं फूल म्हणजे ‘मी उठलो, मी ठीक आहे’ एवढा निरोप असतो. एखाद्या सकाळी ते फूल आलं नाही, तर शेजारच्यानं जाऊन बेल वाजवावी. तुला रोज वाचायचं नसेल तर आवाज बंद कर, तेवढी सोय फोनमध्ये आहे. पण ‘कृपया असे संदेश टाकू नयेत’ असं लिहिणारी तू होऊ नको. जमलं तर उलट त्यांच्यासाठी एक वेगळा ग्रुप काढायला मदत कर, आणि फूल न दिसल्यास बेल कोण वाजवणार ते ठरवून ठेव.

३३. राग आला तर उत्तर लिही, पण पाठवू नको; सकाळी चहा झाल्यावर वाच — रात्री अकराला जे सडेतोड वाटतं ते सकाळी सातला नुसतं उद्धट दिसतं.

३४. दोन उत्तरांनंतरही वाद संपला नाही तर खाली उतर आणि समोर उभी राहून बोल — गळणाऱ्या गॅलरीवरून तीन आठवडे चाललेलं लिखाण गॅलरीत उभं राहून दहा मिनिटांत मिटतं.

३५. चुकीचं काही गेलं तर लगेच सरळ लिही, ‘वरची माहिती चुकीची होती, बरोबर अशी आहे’ — संदेश दुरुस्त करायला पंधरा मिनिटं मिळतात आणि सगळ्यांसाठी पुसायला अडीच दिवस, पण तोवर वाचलेलं कुणाच्या डोक्यातून पुसता येत नाही.

३६. कुणाच्या गाडीचा, वॉचमनचा किंवा कचरा नेणाऱ्या ताईंचा फोटो काढून तक्रार टाकू नको — उत्तर द्यायला ती माणसं बहुतेकदा त्या ग्रुपवर नसतात.

‘स्वच्छ’ संस्थेच्या ताई आपल्या दारातून कचरा नेतात, हातानं वेगळा करतात. ओला-सुका मिसळलेला असला तर त्रास त्यांना, आणि फोटो मात्र त्यांचाच येतो की ‘आज उशिरा आल्या’. त्याऐवजी सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका कसा काढायचा, हे एकदा चित्रासह टाक. ठिपका दिसला की त्या ते उघडत नाहीत. अशी एक सूचना पन्नास तक्रारींपेक्षा जास्त काम करते.

३७. महत्त्वाची सूचना मराठीत लिही आणि खाली हिंदी किंवा इंग्रजीतही दे — तिसऱ्या मजल्यावरच्या केरळी काकूंच्या नळालाही उद्या पाणी येणार नसतं.

३८. तुला ॲडमिन केलं तर घाबरू नको, पण झोपूही नको. सदस्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल केवळ ॲडमिन म्हणून माणसाला जबाबदार धरता येत नाही, त्यात त्याचा समान हेतू दिसायला हवा, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ साली म्हटलं आहे — कायद्यानं तू सुटलीस तरी शेजारधर्म उरतोच, वाईट काही दिसलं की हटव आणि का हटवलं ते त्या माणसाला एकट्याला सांग.

३९. ॲडमिन निदान दोन असू देत, आणि त्यातली एक व्यक्ती भाडेकरू असू दे — मालकांच्या ग्रुपवर भाडेकरूंच्या अडचणी कायम शेवटी येतात.

पैशाचं तेवढं थोडक्यात सांगते.

४०. जुना सोफा विकताना पैसे घ्यायला कुणी क्यूआर स्कॅन कर म्हणालं तर फोन ठेव — पैसे घ्यायला स्कॅनही लागत नाही आणि पिनही लागत नाही, ते दोन्ही द्यायला लागतात.

४१. लग्नपत्रिका, गॅसचं बिल, वाहतुकीचं चलन, कशाच्याही नावानं फाइल आली आणि शेवटी ‘एपीके’ असेल तर उघडू नको, ओळखीच्या माणसाकडून आली असली तरीही — त्याचा फोन आधीच चोराच्या हातात गेलेला असू शकतो.

४२. व्हिडिओ कॉलवर पोलीस बनून ‘डिजिटल अटक’ केली असं कुणी म्हणालं तर फोन बंद कर आणि ग्रुपवर सांग. लाज बाळगू नको — अशी अटक कुठल्याही कायद्यात नाही, आणि फसलेला माणूस गप्प बसला की पुढचा बळी शेजारचा.

४३. कुणी फसल्याचं सांगितलं तर ‘एवढं कसं कळलं नाही?’ असं चुकूनही विचारू नको. १९३० वर लगेच फोन लावून दे — पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त असते, टोमण्यांत तो वेळ जातो.

आता एक काम सांगते, ते आज जेवणाआधी कर. सायबर फसवणुकीसाठी १९३०, वन्यप्राण्यांसाठी १९२६, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि बाकी सगळ्या संकटांसाठी ११२, हे चार नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठव, आणि ग्रुपच्या नावाखाली जी वर्णनाची जागा असते तिथे ॲडमिनना घालायला सांग. त्यांनी घातले की मला कळव.